पाण्यावर आळ

आजही घरात बाथरूमची कडी वाजली की माझे कान तिकडे जातात. मुलगी आता मोठी झाली, पुण्याला शिकते, सुट्टीपुरती घरी येते. पण ती आत गेली की माझं हातातलं काम थांबतं. ती बाहेर येऊन म्हणते, "मम्मी, मी फक्त तोंड धुतलं." मी म्हणते, मी कुठं काय विचारलं? मी काय विचारलं ते दोघींनाही माहीत असतं.

या सवयीची गोष्ट ती चौथीत असतानापासून सुरू होते. आम्ही तेव्हा गारखेड्यात भाड्यानं राहायचो. घरात चार माणसं. नवरा वाळूजला कंपनीत, सासूबाई बिडकीनहून आमच्याकडे येऊन राहिलेल्या, मी घरात मशीन टाकून ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची, आणि ही एकुलती एक पोरगी. नवरा शांत माणूस. घरातलं सगळं तोंड माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं आहे, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, पण बाहेरच्याला सांगावं लागतं. आमचे वार सोमवार-मंगळवार नव्हते. पाण्याचा दिवस आणि बाकीचे दिवस, एवढंच. कुणाचा साखरपुडा ठरला तर आधी विचारणार, त्या दिवशी पाणी तर नाही ना? पाणी आलं की पाहुणा असो नाहीतर पूजा, सगळं सोडून बायका पाईप घेऊन धावणार. ड्रम, टाकी, कळशा, अगदी वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचं कारण तयार असायचं. केस गळले, पाणी. डाळ शिजली नाही, पाणी. पोट बिघडलं तर विचारायलाच नको.

म्हणून चौथीतल्या हिवाळ्यात पोरगी जेवण झाल्यावर बेंबीवर हात दाबून बसायला लागली, तेव्हा मला क्षणभरही कोडं पडलं नाही. कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस, गर्दी मोठी. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि विचारलं, "पाणी उकळून देता का?" मी म्हटलं, तुरटी फिरवते. ते म्हणाले, "उकळा." गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. पुन्हा गेलो, पुन्हा गोळ्या, जंताचं औषध, पुन्हा पाणी.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. आमच्याकडे ते मुंगीच्याच पावलांनी आलं. आज पोट, उद्या तोंड आलेलं. तोंड आलं तर उष्णता. संध्याकाळी अंग कोमट लागलं तर उन्हात खेळली असेल. गुडघे दुखले तर सासूबाई म्हणाल्या, "वाढीचं लेकरू हाय, हाडं दुखतात." प्रत्येक गोष्टीला एकेक कारण मिळालं, आणि सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणाहून येत असतील असं कुणालाच सुचलं नाही.

मी मात्र पाण्याशी युद्ध पुकारलं होतं. पाणी उकळलं, गाळलं, पुन्हा उकळलं. भिंतीवर फिल्टर बसवला. तो बसवूनही दुखणं हललं नाही, तेव्हा विकतच्या पाण्याचे जार सुरू केले. टँकरवाल्याशी तर मी त्याला रस्त्यात उभं करून भांडले. तो बिचारा ओंजळीत पाणी घेऊन प्यायला आणि म्हणाला, "देखो बाजी, मैं खुद पीता. मेरे बच्चे भी येच पीते." मी म्हटलं, तुझे बच्चे दगड पचवतील. माझा नवरा कंपनीतून कधी टाचणी आणणार नाही असा माणूस, पण तोही तिथल्या कूलरचं पाणी कॅनमध्ये भरून बसमधून मांडीवर घेऊन यायला लागला.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते लेकराला दृष्ट लागली होती आणि वरून बेंबी सरकली होती. "एकदा पोट चोळून आणू. आमच्याकडं एक म्हातारी हाय, लई चांगला हात हाय तिचा," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "आत्या, पाण्यात जंतू असतात. मिरच्या ओवाळून जंतू मरत नाहीत." मी बारावी शास्त्र शाखेची. दृष्ट काढायला मी उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. त्या गप्प बसायच्या आणि मी जिंकल्यासारखी फिल्टरची कांडी घासायला घ्यायची.

मे महिन्यात तिला माझ्या माहेरी वैजापूरकडे पाठवलं, हवा-पाणी बदलायला. आमच्या मळ्यात विहीर आहे. आणि काय सांगावं, आठवड्याभरात भावाचा फोन आला, "ताई, पोरगी चांगली खायलीय की. भाकरी मागून घेतलीय आज." मी फोनवर रडले. झालं, माझी खात्रीच पटली. तिला परत आणलं आणि पंधरा दिवसांत पोट पुन्हा दुखायला लागलं. आता मला कुणी काही सांगायची सोयच उरली नाही. दुखणं असं आपोआप चढतं आणि ओसरतं, विहिरीचा त्यात काही हात नव्हता, हे मला पुढे कळणार होतं. तेव्हा मी भावाला कामाला लावलं. तो कांदा घेऊन इथल्या बाजारात यायचा, तेव्हा पिकअपमध्ये गोण्यांच्या मधे दुधाच्या दोन किटल्या भरून विहिरीचं पाणी आणायचा. कांद्याच्या वासाचं ते पाणी आम्ही तिला औषधासारखं मोजून द्यायचो. बाकीचे तिघं तेच आपलं ड्रममधलं पीत होतो, आणि आमच्यापैकी कुणाचंही पोट कधी दुखलं नव्हतं. ते डोळ्यांसमोर होतं. दिसलं नाही.

पाचवी अशीच गेली. मग सहावीचा जून आला.

आमच्याकडे शाळेचा गणवेश कुणी अंगाबरोबर शिवत नाही. वाढत्या अंगाचा शिवतात. स्कर्टच्या खाली आत दोन दुमडी घालून टिपा मारायच्या. दर जूनला एक टीप उसवायची, कापड खाली सोडायचं, की स्कर्ट पुन्हा बरोबर गुडघ्यावर. चौथीत मी दोन स्कर्ट एकाच दिवशी शिवले होते, एकाच निळ्या ताग्यातून. एक माझ्या पोरीचा आणि एक वरच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीचा. दोघी एकाच वर्गात, एकाच मापाच्या. पाचवीच्या जूनला माझ्या पोरीची टीप उसवायची गरज पडली नव्हती. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पोरगी कपडे जपून वापरते, म्हटलं.

त्या दिवशी मैत्रीण स्कर्ट घेऊन खाली आली. "काकू, मम्मीनं सांगितलंय दुसरी पण उसवून द्या." मी उसवून दिली. तिनं घालून बघितला आणि हिरमुसून म्हणाली, "तरीपण आखूडच होतोय." खरंच होत होता. मी म्हटलं, आईला सांग नवीन घ्यायला, ताड झालीस. ती हसत वर पळाली. मग मी आमचा स्कर्ट घेतला, पोरीला स्टुलावर उभं केलं, हातात कात्री.

स्कर्ट गुडघ्यावर बरोबर बसला होता. चौथीत बसला होता तसाच. दोन्ही दुमडी आत, दोन्ही टिपा शाबूत. कमरेचा हूक तेवढा मला आतल्या बाजूला घ्यावा लागला. हूक लावताना माझी बोटं तिच्या कमरेच्या हाडाला लागली.

मी तिला म्हटलं, "उतर." मग म्हटलं, "नको, थांब." पुन्हा खाली बसून टीप बघितली. कापड आटलं असेल? पण मग मैत्रिणीचंही आटलं असतं. एकाच ताग्यातलं होतं. दोन वर्षांत ती पोर एवढी वाढली आणि माझी जिथल्या तिथं उभी होती. ती रोज माझ्यासमोर होती, मी तिच्या वेण्या घालत होते, आणि मला ते स्कर्टानं सांगितलं. पोरगी विचारत होती, "काय झालं? नाही उसवायची का?" मी म्हटलं, "या वर्षी नको."

त्या आठवड्यात आम्ही पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, बोलायला कोरडे. मी पाण्याची सगळी कहाणी सांगितली: तुरटी, फिल्टर, जार, विहीर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "घरात आणखी कुणाला त्रास आहे?"

नवरा म्हणाला, "नाही. कुणालाच नाही."

मग ते पोरीकडे वळले. दिवसातून किती वेळा संडासला जातेस? ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, दोन-तीन वेळा जाते. डॉक्टर म्हणाले, "तिला सांगू द्या." ती मान खाली घालून म्हणाली, "घरी दोनदा. मग शाळेत जाते. क्लासला गेले की तिथं जाते. मैत्रिणीकडं पण जाते." मी विचारलं, का गं, अशी चार ठिकाणी वाटून का जातेस? तर म्हणाली, "घरातलं पाणी संपतं ना." डबा अर्धा का राहतो, तेही तिनं सांगितलं. कमी खाल्लं की कमी जावं लागतं.

घरात पाण्यावरून बोलणं व्हायचं. एक बादली कुणी जास्त सांडली की मी घर डोक्यावर घ्यायची, आणि त्यात विशेष काही नव्हतं, सगळ्याच घरांत व्हायचं. पण एवढंसं लेकरू कळा दाबत चार घरी फिरत होतं, आणि आम्ही तिच्यासाठी वैजापूरहून पाणी आणत होतो. मला त्या खुर्चीत बसवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, गुंगी देऊन आतड्यात दुर्बीण घातली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आतड्याला जागोजागी सूज आहे, जखमा आहेत. दोन शक्यता आहेत. एक, आतड्याचा टीबी. दुसरी, क्रोन्स नावाचा आजार. दिसायला दोन्ही सारखे. तुकडा तपासायला पाठवलाय. मी विचारलं, यातला बरा कुठला? ते म्हणाले, "टीबी औषधांनी बरा होतो. दुसरा आटोक्यात राहतो, पण सोबत राहतो."

रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस मी आयुष्यात पुन्हा मागणार नाही. टीबीचं नाव काढलं की आमच्या नात्यात ताटं वेगळी करतात, पोरींची लग्नं मोडतात. आणि मी देवापुढे हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, टीबीच असू दे. दुसरं काही नको, एवढा टीबी दे. कुठल्या आईनं असं मागितलं असेल? एकदा सासूबाईंनी ऐकलं. मला वाटलं आता बोलणार. पण त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात जोडले.

टीबी नव्हता.

डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच आतड्यावर उलटते. जखमा होतात, अन्न अंगी लागत नाही, वाढ थांबते. "कशामुळं?" नवऱ्यानं विचारलं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. "पाण्यामुळं?" मी विचारलं. मला अजून आशा होती. "नाही," ते म्हणाले, "पाण्याचा काही संबंध नाही. आणि हे पुष्कळदा असंच उशिरा कळतं." मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. मुलींची उंची वाढायची वर्षं मोजकी असतात. त्या वर्षांत आतडं शांत झालं तर ती वाढेल. नाही झालं तर राहून गेलेलं नंतर भरून येत नाही. किती वेळ आहे? "फार नाही," ते म्हणाले.

ते नाव सासूबाईंच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या शेवटपर्यंत 'ते दुखणं' म्हणत राहिल्या.

पहिला उपचार ऐकून मला खरंच वाटेना. दोन महिने तोंडात घास नाही. फक्त एक पावडर, पाण्यात कालवून, दिवसभर. आतड्याला विश्रांती. मी विचारलं, कुठलं पाणी? ते म्हणाले, "घरातलं. उकळून गार केलेलं." ज्या पाण्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, तेच आता पेल्यात भरून तिला द्यायचं होतं. ती नाक धरून प्यायची. दोन घोट गेले की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची, आता कळ येईल, आता येईल.

त्या दोन महिन्यांत आमच्या घरात फोडणी पडली नाही. वास आला तर पोरीला खावंसं वाटेल म्हणून नवरा कंपनीतच जेवून यायचा आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लावून भाकरी-दही गिळायचो. पोळ्याला सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा पुरण शिजवलं नाही. "माझ्या लेकराच्या तोंडात नाय, तर मला कशाला?" त्या म्हणाल्या. पोरगीच त्यांना म्हणाली, "आजी, तू खा ना, मी वासावर भागवते." त्या उठून बाल्कनीत गेल्या.

पोट दुखणं थांबलं. मग हळूहळू मऊ भात, मग पोळी, आणि रोजच्या गोळ्या. त्या गोळ्यांचा कागद मी दोनदा वाचला, इतकं काय काय होऊ शकतं असं त्यात लिहिलेलं होतं. दिवाळीपर्यंत वजन वाढलं. उंचीच्या पट्टीखाली उभं केलं तेव्हा मात्र डॉक्टर म्हणाले, "अजून नाही. वाट बघू." मी विचारलं, किती? ते म्हणाले, "संक्रांतीनंतर या."

संक्रांत झाली. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, शिवणं आहे, पाण्याचा दिवस आहे. नवरा म्हणाला, "तू टाळायलीस." टाळतच होते. पट्टीनं पुन्हा 'नाही' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? घरातही मी तिला भिंतीला पाठ लावून उभी राहू द्यायची नाही. त्या दिवसांत मी तिला डोळे भरून बघणंच सोडलं होतं.

एके दुपारी ती शाळेतून तणतणत आली. दप्तर फेकलं. "मम्मी, आज पीटीच्या बाईंनी मला रांगेतून बाहेर काढलं."

मी मशीन सोडून उठले. चक्कर आली? पोटात दुखलं? उलटी झाली का? काय झालं ते सांग आधी!

"काही नाही गं," ती चिडून म्हणाली. "स्कर्ट आखूड आहे म्हणे. गुडघ्याच्या वर चाललाय. सगळ्यांसमोर ओरडल्या."

एरवी मी त्या बाईंना शाळेत जाऊन चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नाही. तिला स्टुलावर उभं केलं आणि खाली बसले. गुडघे दिसत होते. दोन्ही, पूर्ण. कात्री सापडेना, ती माझ्या मांडीवरच होती. मी टीप उसवायला घेतली. दोरा जुना, ओढला की तुटत होता. दुमड खाली सुटली आणि आतलं कापड बाहेर आलं, गर्द निळं, कधी ऊन न लागलेलं. वरचा स्कर्ट विटून आभाळी झाला होता. ते गर्द निळं कापड बरोबर तिच्या गुडघ्यावर येऊन थांबलं.

"मम्मी, रडतेस काय? नवीन शिव ना मग," ती वरून म्हणाली.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "माय माय," त्या म्हणाल्या, "लेकरू वाढलं की गं." आणि लगेच तोंडावर पदर धरला, की हे आपण मोठ्यानं बोलायला नको होतं.

मलाही तीच भीती वाटली. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. भीतीच वाटली, आधीपेक्षा जास्त, कारण आता गमावण्यासारखं काही हातात आलं होतं. आत अजून एक दुमड होती. तिला मी हात लावला नाही. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, डब्यातून मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या काढल्या आणि सासूबाईंच्या हातात ठेवल्या.

"काढा आत्या," मी म्हटलं. "आणि नीट काढा."